परदेशात व्हॉलंटियरिंगचं पॅकेज घेताय? युगांडाला जाऊन आल्यावरचा माझा रिव्ह्यू (२/५)

दोन स्टार देतेय. एक एन्टेबे एअरपोर्टवर रात्री अडीच तास थांबून राहिलेल्या ड्रायव्हरदादांसाठी आणि एक ज्यांच्या घरी सहा आठवडे राहिले त्या ताईंसाठी, बाकी कंपनीला स्वतःला द्यायला माझ्याकडे काही उरत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. एक तर रिफंडचं बोलणं अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं तर लोक म्हणतील बरं, ती सोडून दुसरी घेऊ, आणि दुसरीही तशीच निघेल. मी जायच्या आधी चार जणांशी बोलले होते, चौघांचं बोलणं जवळपास सारखंच होतं. त्यामुळे नावापेक्षा मी काय विचारायला हवं होतं आणि काय उशिरा विचारलं ते लिहिते, ते जास्त कामाचं आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला, आठ वर्षं झाली काम करतेय, त्यातली चार लहान मुलांसोबत. सहा आठवड्यांचं पॅकेज १,६५,००० रुपयांना पडलं, विमान, व्हिसा, लसी, इन्शुरन्स सगळं वेगळं. आई पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होती, अगं इगतपुरी, पेठ, सुरगाण्यात कामं कमी आहेत का, आफ्रिकेत कशाला जायचंय. मी तेव्हा चिडले होते पण तिचा प्रश्न बरोबर होता आणि जाणाऱ्या प्रत्येकाने त्याचं खरं उत्तर स्वतःला दिलं पाहिजे. माझं खरं उत्तर असं होतं की मला जग बघायचं होतं, आणि नुसतं टुरिस्ट म्हणून बघायचं नव्हतं. यात वाईट काही नाही, फक्त ते "सेवा" या नावाखाली झाकून ठेवलं की पुढचे सगळे निर्णय चुकायला लागतात.

तर पहिला कॉल. मी सांगितलं मी फिजिओ आहे, मुलांसोबत काम केलंय. समोरच्या मुलीने लगेच युगांडातल्या जिंजा शहराजवळचं एक चिल्ड्रन्स होम सुचवलं, म्हणे तुम्हाला मुलं आवडतात ना, तिथं चाळीस मुलं आहेत, खूप लळा लावतात, जाताना रडतात. हे ती कौतुकानं सांगत होती. मी फोन ठेवल्यावर विचार करत बसले की चाळीस मुलं, दर सहा आठवड्यांनी नवीन ताई येते, लळा लागतो, ताई जाते, मुलं रडतात, मग पुढची ताई. आमच्याकडे सेंटरला एक थेरपिस्ट बदलली तरी मुलांना महिनाभर जड जातं, तीन-तीन वर्षांची मुलं दार धरून बसतात. इथं तर तेच वर्षाला आठ वेळा होणार.

मग मी वाचायला बसले आणि जे सापडलं ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नव्हतं. जगभरात अनाथाश्रमांमध्ये राहणाऱ्या मुलांपैकी साधारण ८० टक्के मुलांची आई किंवा वडील किंवा दोघंही हयात आहेत असा अंदाज आहे. म्हणजे ती अनाथ नाहीतच, गरीब घरातली आहेत, शाळेच्या आणि जेवणाच्या आशेनं घरच्यांनी पाठवलेली, आणि काही ठिकाणी तर परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुद्दाम गोळा केलेली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करीही त्यात धरली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमातल्या अशा व्हॉलंटियरिंगमुळे होणाऱ्या नुकसानाबद्दल लिहिलं. म्हणजे हे कुणाचं वैयक्तिक मत वगैरे राहिलेलं नाही.

मी कंपनीला तीन गोष्टी विचारल्या. होमला युगांडा सरकारची मान्यता आहे का, कागद दाखवा. मुलांपैकी किती जणांच्या घरच्यांचा पत्ता माहिती आहे आणि त्यांना घरी परत पाठवायचं काम चालू आहे का. आणि माझं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट कधीपर्यंत देऊ. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर आलं, त्याची गरज नाही मॅम. मला तिथंच कळलं. चाळीस लहान मुलांमध्ये दीड महिना राहायला अनोळखी माणूस येतोय आणि त्याचा साधा पोलिसांचा कागद नको? पासपोर्ट सेवा केंद्रातून तो ५०० रुपयांत मिळतो! ज्या जागेला तुमची चौकशी करावीशी वाटत नाही तिथं त्या मुलांची काळजी कुणालाच नाही, आणि तुम्ही कितीही चांगले असलात तरी तुमच्याआधी आणि तुमच्यानंतर कोण आलं असेल याची खात्री कोण देणार.

मी होम नाकारलं. दोन आठवडे इकडून तिकडे झाल्यावर त्यांनी कंपालाच्या पूर्वेला मुकोनोच्या बाजूचं एक छोटं रिहॅब क्लिनिक सुचवलं. पाऊल आत वळलेलं घेऊन जन्मलेली बाळं, म्हणजे क्लबफूट, सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली अवघड झालेली मुलं, थोडे अपघाताचे पेशंट. हे माझं काम होतं, मी खूश झाले. मग सांगण्यात आलं, तिथं तुम्हाला इंडियापेक्षा खूप जास्त हँड्स-ऑन करायला मिळेल, लायसन्स वगैरे कुणी विचारत नाही.

हे वाक्य सगळ्यांनी नीट ऐका, कारण मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, डेंटल करणाऱ्या पोरांना हेच वाक्य आमिष म्हणून टाकलं जातं. जिंजामध्येच एका अमेरिकन तरुणीने वैद्यकीय शिक्षण नसताना कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं, तिथं शंभरावर मुलं दगावली, २०१९ मध्ये मुलांच्या आयांनी कोर्टात धाव घेतली आणि २०२० मध्ये जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली. ती बाई वाईट हेतूने गेली होती असं मी म्हणत नाही. पण नाशिकमध्ये मी जे रजिस्ट्रेशन नसताना करू शकत नाही ते युगांडातल्या बाळावर करायचा मला काय अधिकार? युगांडात यासाठी अलाइड हेल्थ प्रोफेशनल्स कौन्सिल आहे, आपल्या महाराष्ट्राच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलसारखंच. डिग्रीच्या कॉप्या, इथल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे माझ्यावर काही कारवाई नाही याचा दाखला, असं सगळं जमवून मी स्वतः अर्ज केला. कंपनीला हे कौन्सिल आहे हेच माहिती नव्हतं, सहा वर्षं मेडिकलची मुलं पाठवतायत तरी.

व्हिसाचंही तेच. त्यांनी सरळ सांगितलं, ५० डॉलरचा टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन काढा, काउंटरवर विचारलं तर गोरिला बघायला आलोय म्हणा. पगार घेत नाही म्हणजे ते काम नाही असं आपल्याला वाटतं, पण तिथल्या इमिग्रेशनला तसं वाटत नाही, बिनपगारी कामालाही वेगळा परवाना लागतो. केनिया-युगांडा-रवांडा असा १०० डॉलरचा एकत्र ईस्ट आफ्रिका व्हिसा मिळतो, तोसुद्धा फक्त फिरण्यासाठीच. आणि पकडले गेलात तर तुम्ही विमानात बसून घरी येता, त्रास होतो तो ज्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं त्या क्लिनिकला. मी क्लिनिकच्या इनचार्जना थेट मेल केली, त्यांनी माझ्या नावाने स्पेशल पाससाठी, म्हणजे थोड्या काळाच्या कामाच्या परवान्यासाठी, अर्ज टाकला, त्यात माझं जाणं दोन महिने लांबलं. ते बरंच झालं, तयारीला वेळ मिळाला. आणि खरं सांगायचं तर कंपनीने पाठवलेल्या सगळ्या पीडीएफपेक्षा त्या इनचार्जसोबतच्या सहा मेलमधून मला जास्त कळलं. त्यांची पहिली मेल अशी होती की तुम्ही येताय हे आम्हाला कळवलं गेलं, पण तुम्हाला काय येतं हे कळवलेलं नाही. म्हणजे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला फिजिओ हवी आहे का!

आता ओरिएंटेशन, ज्याचे पॅकेजमध्ये ११,००० रुपये वेगळे लावलेले होते. दीड तासाची झूम मीटिंग. चाळीस मिनिटं बॅगेत काय भरायचं, वीस मिनिटं वीकेंडच्या सहली, राफ्टिंग, सफारी, मग फोटो कुठल्या हॅशटॅगने टाकायचे, आणि शेवटी प्रश्नोत्तरं. आरोग्यावर एकच स्लाइड, "लसी घ्या आणि मलेरियाची गोळी सोबत ठेवा". त्याच प्रेझेंटेशनमध्ये व्हॉलंटियर लोक व्हिक्टोरिया सरोवरात पोहतानाचा फोटो होता. व्हिक्टोरिया सरोवरात बिल्हार्झिया आहे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बाहेर पडणारे सूक्ष्म जंतू कातडीतून आत शिरतात आणि पुढे आतडी, यकृताला त्रास होतो. आपल्याकडे हा आजार नसल्यासारखाच आहे त्यामुळे परत आल्यावर लक्षणं दिसली तरी आपल्या फॅमिली डॉक्टरच्या चटकन डोक्यात येणार नाही. पाण्यात उतरला असाल तर डॉक्टरला आपणहून सांगा, औषध आहे त्यावर, प्राझिक्वांटेल.

मलेरियाच्या गोळीचंही तसंच. आपल्याकडे मलेरियाची गोळी म्हणजे क्लोरोक्विन हे घराघरात बसलेलं आहे, माझ्या मामानेही एक स्ट्रिप आणून दिली होती. युगांडातला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात धोकादायक प्रकार, त्याच्यावर ती चालत नाही. मला डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली, जायच्या आदल्या दिवसापासून रोज एक, तिथं असेपर्यंत रोज आणि परत आल्यावर पूर्ण चार आठवडे. हे शेवटचे चार आठवडे लोक सोडून देतात, घरी आलो, झालं असं वाटतं. रिकाम्या पोटी घेऊ नका आणि घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, एकदा मी केलं आणि दिवसभर छातीत जळजळत होतं. प्रत्येकाला हीच गोळी चालेल असं नाही, तुमचं तुम्ही डॉक्टरला विचारा.

यलो फीवरची लस मात्र अजिबात शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. युगांडात उतरायला लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं, आणि भारतात परत येतानाही लागतं, नसेल तर इथं सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, एकदा घेतली की आयुष्यभर चालते (२०१६ पासून हा नियम आहे, आधी दहा वर्षं होती). कुठल्याही हॉस्पिटलमध्ये मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मी मुंबईला जाऊन सरकारी केंद्रात घेतली आणि या सगळ्या प्रवासात मला मिळालेली सगळ्यात चांगली सर्व्हिस तीच, त्याला माझ्याकडून ५/५. एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात म्हणून ठरावीक दिवशीच बोलावतात, मला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. तिथल्या सिस्टरने अंड्याची ॲलर्जी, प्रेग्नन्सी, चालू औषधं सगळं एकेक करून विचारलं, पासपोर्ट नंबर दोनदा ताडून घेतला आणि लस दिल्यावर अर्धा तास समोर बसवून ठेवलं. माझ्या पुढे जहाजावर जाणारी कोकणातली चार मुलं होती, त्यातल्या एकाच्या कार्डावर स्पेलिंग चुकलं होतं तर त्यांनी नवीन कार्ड लिहून दिलं, कुरकुर नाही काही नाही. ११,००० च्या ओरिएंटेशनमध्ये मला एकाने तरी विचारलं का तुम्हाला कसली ॲलर्जी आहे!

सुरक्षेसाठी संयुक्त राष्ट्रांचा बीसेफ नावाचा ऑनलाइन कोर्स करा, फुकट आहे, कुणालाही करता येतो. एका संध्याकाळी होतो. थोडा ऑफिसच्या ट्रेनिंगसारखा आहे, सारखं क्लिक करावं लागतं, म्हणून ४/५, पण गाडीत कसं बसायचं, हॉटेलची खोली कशी बघायची, कुणी पाठलाग करतंय वाटलं तर काय, हे सगळं नीट आहे. इन्शुरन्स घेताना एकच ओळ शोधा, दुचाकीवरचा अपघात कव्हर आहे का. कंपालात बोडाबोडाशिवाय, म्हणजे बाइकटॅक्सीशिवाय, पान हलत नाही आणि माझ्या पहिल्या पॉलिसीत तो वगळलेला होता. मी दुसरी घेतली आणि हेल्मेट नाशिकहून घेऊन गेले.

ओरिएंटेशनमध्ये एक गोष्ट अजिबात नव्हती आणि भारतीय माणसासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची होती असं मला आता वाटतं. आपण तिथं गोऱ्यांसारखे अनोळखी पाहुणे नसतो. आपण मुहिंदी, म्हणजे भारतीय, असतो आणि मुहिंदीला तिथं सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. केनियातल्या मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली ती भारतातून नेलेल्या तीसेक हजार मजुरांनी, अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. मग दुकानदार आले, कारकून आले, गोव्याचे लोक सरकारी कचेऱ्यांत इतके होते की कंपाला आणि एन्टेबेला त्यांचे स्वतःचे गोवन इन्स्टिट्यूट होते. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन यातल्या जवळपास सगळ्यांना देशाबाहेर काढलं. नंतर बरेच परतले आणि आज पुन्हा मोठमोठे कारखाने, दुकानं त्यांची आहेत. त्यामुळे मी रस्त्याने चालले की कुणी नोकरी मागायचं, कुणी नुसतं तुटक बघायचं. पहिल्या आठवड्यात मला वाईट वाटायचं. मग घरच्या ताईंनी सांगितलं, त्यांची बहीण एका भारतीय माणसाच्या दुकानात अकरा वर्षं कामाला आहे आणि मालकाने अजून तिचं पूर्ण नाव विचारलेलं नाही. हे माहीत असूनच विमानात बसायला पाहिजे होतं.

भाषा थोडी शिकून जा, खरंच. लुगांडात कुणी काम करत असताना जवळून गेलं की "ग्येबाले को" म्हणतात, म्हणजे कष्ट करताय, धन्यवाद, अशा अर्थाचं. भांडी घासणाऱ्याला, विटा वाहणाऱ्याला, भाजी विकणाऱ्या बाईला, सगळ्यांना. मी एवढं एकच नीट शिकून गेले होते आणि त्या एका शब्दावर मला गल्लीत बसायला स्टूल मिळायचं. जेवणाची काळजी करू नका, उकडून कुस्करलेल्या केळ्याचं मातोके आणि त्यावर दाण्याची आमटी, आपली उपासाची असते ना तशीच, फक्त जिरं-मिरची नाही. चपाती तर कोपऱ्याकोपऱ्यावर, अंड्याचं ऑम्लेट घालून गुंडाळतात त्याला रोलेक्स म्हणतात.

आता क्लिनिक. मी पोचले तेव्हा कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आलेलं नव्हतं, अर्ज चालू होता. मंगळवारी क्लबफूटचा दिवस असतो. पहिल्या मंगळवारी सकाळी सात वाजताच बाकावर नऊ आया बसलेल्या, एक कायुंगाकडून दोन टॅक्सी बदलून आलेली, बाळ पाच आठवड्यांचं. प्लास्टर लावणारे ऑर्थोपेडिक ऑफिसर, युगांडात यासाठी वेगळं शिक्षण घेतलेले लोक आहेत, डॉक्टर नव्हे पण या कामात एकदम तयार. त्यांनी आईला बाळ पाजायला सांगितलं, बाळ दूध पीत असतानाच एका हाताचा अंगठा घोट्याच्या पुढच्या हाडावर ठेवून दुसऱ्या हाताने पाऊल इतकं हळू बाहेर वळवलं की बाळाने तोंडसुद्धा सोडलं नाही. मी आठ वर्षांत इतका हलका हात पाहिलेला नाही. त्यांनी मला मांडी धरायला बोलावलं. मी सांगितलं माझं रजिस्ट्रेशन अजून नाही. ते दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, तुम्ही पहिल्याच आहात हे सांगणाऱ्या. मग टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

क्लबफूटचं पोन्सेटी पद्धतीने करतात तेव्हा दर आठवड्याला एक असे साधारण पाच-सहा प्लास्टर, मग बहुतेक बाळांना टाचेच्या वरच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर, छोटा छेद, मग तीन महिने जवळपास दिवसभर मधे आडव्या दांडीने जोडलेले बूट आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना बूट. म्हणजे मी सहा आठवडे राहून एकही बाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघूच शकत नव्हते. हे मला फिजिओ असूनसुद्धा बुकिंग करताना सुचलं नाही, पॅकेज "सहा आठवडे" होतं म्हणून सहा आठवडे. प्लास्टरमध्ये तिथं कुणी कमी पडत नाही. बाळं गळतात ती पुढे, बुटांच्या वर्षांत, येण्याजाण्याचे पैसे नसतात, बूट लहान होतात, पाय परत वळायला लागतो.

मी उत्साहाने दोन रात्री जागून लॅपटॉपवर मस्त एक्सेल शीट केली, कोण कधी आलं नाही ते लाल होणार, फोन नंबर बाजूला. प्लास्टरवाल्या ऑफिसरांनी सगळं नीट बघितलं आणि विचारलं, तुम्ही गेल्यावर हे कोण भरणार? त्या टेबलावर कॉम्प्युटर नाही, लाइट दिवसातून दोनदा जाते. मला काही बोलता आलं नाही. मग आम्ही बसून ठरवलं की आहे त्याच रजिस्टरमध्ये काय बदलता येईल. जाड पुठ्ठ्याची वही, तिथं काउंटर बुक म्हणतात, त्यात मी पट्टी घेऊन प्रत्येक पानावर दोन कॉलम आखले, पुढची तारीख आणि घरच्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन नंबर. ११२ पानं आखली. बोलपेनाची लाल रिफील दोनदा बदलली. आणि तिथं शिकणारी एक मुलगी होती, ती दर गुरुवारी न आलेल्यांना फोन करायची, लुगांडातून, मी शेजारी बसून यादीवर टिक करायची. तिसऱ्या गुरुवारी सोळा फोन झाले आणि पुढच्या मंगळवारी त्यातली पाच बाळं आली, एकाचा पाय बराच परत वळला होता.

कॉलेजात असताना मी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेले होते, चंद्रपूर जिल्ह्यात, मे महिन्यात, बाबा आमट्यांनी सुरू केलेली. तिथं आठ दिवसांसाठी आलेल्या पोरांच्या हातात कुणी पेशंट देत नाही, कुदळ, फावडं आणि घमेलं देतात. सकाळी उन्हाच्या आत श्रमदान आणि मग ऐकायचं. तेव्हा वाटलं होतं आपल्याला काही खास दिलं नाही. मुकोनोत पट्टीने रेघा ओढताना मला त्या घमेल्याची फार आठवण आली. नवख्या माणसाला काय द्यायचं आणि काय नाही हे तिथं बरोबर माहीत होतं.

पैशांचं. निघायच्या आधी तीनदा विचारलं होतं की १,६५,००० मधले क्लिनिकला किती जातात, दर वेळी "मोठा हिस्सा कम्युनिटीला" एवढंच उत्तर. तिथं गेल्यावर इनचार्जना विचारलं तर त्यांना एक शिलिंग मिळालेला नव्हता, ताईंना राहण्याजेवणाचे मिळत होते तेवढेच, आणि तेही दोन आठवडे उशिरा. माझ्या स्पेशल पासची फीसुद्धा क्लिनिकने आधी स्वतः भरली होती, मी ती परत दिली. याचा मला अजून राग आहे.

बॅगेत जुने कपडे, चॉकलेट, पेन्सिली भरून न्यायला कंपनीने सांगितलं होतं. नका नेऊ. कंपालाचा ओविनो बाजार परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांनी भरलेला आहे, त्याला मिवुंबा म्हणतात, आणि तिथले शिंपी त्यामुळेच अडचणीत आहेत. वाटेत पोरांना चॉकलेट वाटली की पुढच्या माणसाकडे ती हात पसरतात, शाळा सोडून रस्त्यावर थांबतात. काही द्यायचंच असेल तर क्लिनिकला विचारा आणि तिथल्याच दुकानातून घ्या.

फोटो मी एकाही मुलाचा काढला नाही. कंपनीचा रोज मेसेज यायचा, मॅम मुलांसोबतचे दोन-तीन हॅपी फोटो पाठवा ना. जायच्या आधी एकच कसोटी ठरवली होती, माझ्या सेंटरला येणाऱ्या मुलाचा फोटो मी आईला न विचारता लावेन का. मदतीच्या नावाखाली काढलेल्या साचेबद्ध फोटोंविरुद्ध नॉर्वेच्या विद्यार्थ्यांनी रॅडी-एड नावाची मोहीम चालवली होती, त्यांची सोशल मीडियासाठीची छोटी मार्गदर्शिका नेटवर फुकट मिळते, ती वाचून जा.

तर ज्यांना यंदा जायचंय त्यांच्यासाठी. कंपनीशी बोलायच्या आधी जिथं जाणार त्या जागेचा मेल आयडी मागा आणि त्यांना विचारा, तुम्हाला माणूस हवाय का, कुठल्या कामाला, माझ्याआधी ते कोण करत होतं आणि मी गेल्यावर कोण करणार. मेल आयडी द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथंच थांबा. मुलांसोबत काम असेल आणि पोलीस क्लिअरन्स मागितलं नाही तर थांबा. टुरिस्ट व्हिसावर या म्हणाले तरी थांबा. आणि जायचं ठरलंच तर यलो फीवरची तारीख आजच बघा, मुंबईत वेटिंग आहे. मुंबईहून एन्टेबेला थेट विमान २०२३ मध्ये सुरू झालं, ते चालू आहे का बघा, असेल तर दुबईमार्गे फिरत जायची गरज नाही.

रिफंडमध्ये मी ओरिएंटेशनचे ११,००० मागितलेत, त्यांनी ४,००० चं व्हाउचर देऊ केलंय पुढच्या ट्रिपसाठी, ते मी घेणार नाहीये. काही ठरलं की इथंच अपडेट करते. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मी परत आल्यावर नऊ दिवसांनी आलं. गेल्या गुरुवारी क्लिनिकमधल्या त्या फोन करणाऱ्या मुलीचा व्हॉट्सॲप आला, वहीच्या पानाचा फोटो, आखलेल्या दोन कॉलमच्या बाजूला तिने स्वतःच तिसरा आखलाय, निळ्या पेनने, बुटांचा साइज.